चार इंचांचा हिशेब



या व्यासपीठावरून आपण अर्थकारण, राज्यव्यवहार, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकत आला आहात. तेव्हा ‘जुना ट्रक घरच्या घरी उंच कसा करतात’ हा आजचा विषय पाहून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल, तर ती मला मान्य आहे. परंतु यंत्राच्या एका लहानशा प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला म्हणजे तो प्रश्न यंत्रापुरता राहत नाही, असा माझा अनुभव आहे. आज मी पाने, बोल्ट आणि पाटे यांच्याविषयी बोलणार आहे. त्यातून पुढे काही निघाले तर ते आपोआप निघेल.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे ट्रक म्हटला म्हणजे दहा चाकांचा मालवाहू गाडा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र ‘ट्रक’ हा शब्द बहुधा पिकअपसाठी वापरतात. पुढे दोघातिघांना बसण्याची खोली, मागे उघडी पेटी, अशी ती गाडी. शेतकरी, सुतार, गवंडी यांचे ते घोडे. यांपैकी चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या गाड्या चिखलात, बर्फात, डोंगरवाटांवर चालतात. अशा एखाद्या जुन्या गाडीचा मालक एक दिवस ठरवतो की, ही आणखी चार इंच उंच पाहिजे. सुट्या भागांचा एक संच बाजारात तयार मिळतो. शनिवार-रविवारची सुटी असते, घरासमोर सिमेंटची फरसबंदी असते आणि मदतीला एखादा मित्र असतो. गॅरेजची मजुरी त्या देशात फार महाग असल्यामुळे हे काम घरीच करण्याची तिथे रीत आहे.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ. जनरल मोटर्स कंपनीने १९७३ ते १९८७ या काळात बनवलेला शेव्हरोले पिकअप, चारही चाकांनी चालणारा. शेव्हरोले हे नाव आपल्याला परके नाही. याच कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. ज्या गाडीविषयी मी बोलत आहे तिची पुढची आस अखंड आहे, म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच भक्कम कणा. त्या कण्यावर पोलादी पाट्यांची चवड आणि त्या चवडीवर गाडीची चासी. आपल्या जुन्या जीपची रचना याच जातीची. १९८८ साली आलेल्या नव्या नमुन्यात कंपनीने पुढची अखंड आस सोडून दिली आणि प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगले. ती गाडी उंच करणे अधिक किचकट असते. त्यामुळे घरच्या कारागिराचे प्रेम अजून जुन्या गाडीवर आहे. या मालिकेतील अगदी शेवटच्या गाड्यांनीही आता पस्तिशी ओलांडली आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता उंच करणे म्हणजे काय? पुढच्या बाजूचे पाटे काढून त्या जागी अधिक बाक असलेले पाटे बसवावयाचे. मागच्या बाजूस एकतर तसेच नवे पाटे घालावयाचे, किंवा चवडीत एक जादा पाटा घालावयाचा, अथवा आस व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा ठेवून लांब यू-बोल्टांनी सगळे आवळून टाकावयाचे. येथे प्रथम एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. एवढा खटाटोप करून चासी चार इंच वर गेली, पण आस होती तेथेच राहिली! पाटे आसेच्या वर आहेत. त्यांनी उचलले ते त्यांच्या वरच्या भागाला. वाटेतला धोंडा बहुधा ज्याला लागतो तो डिफरन्शियलचा गोळा आसेच्या मधोमध असतो, आणि तो जमिनीपासून एक सूतही वर गेलेला नाही.

मग तो वर जातो कशाने? मोठ्या चाकाने. तीस इंच व्यासाच्या टायरऐवजी तेहतीस इंचांचा टायर घातला तर आस दीड इंच वर जाते, कारण ती चाकाच्या मध्यावर आहे. म्हणजे चार इंच उंचीचा हा सारा खर्च मुख्यतः त्या मोठ्या टायरला मडगार्डाखाली जागा करून देण्यासाठी आहे. गाडीच्या पोटाखाली मोकळी जागा वाढते, पुढून-मागून चढ चढताना नाक व शेपूट घासत नाही, हा फायदा खरा. पण डिफरन्शियलखालची कमाई दीड इंचाची आहे, हे आरंभीच कळलेले बरे. निम्म्या लोकांचा उत्साह या गणिताने ओसरेल, आणि तो ओसरावा.

ज्यांचा उत्साह टिकला त्यांच्यासाठी आता कामाकडे वळू. हे काम घरी करण्यात सर्वांत मोठा धोका कोणता, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, जॅकवरचा विश्वास. ही गाडी सुमारे दोन टनांची. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्याच्या आतले एखादे रबरी वायसर फाटले की तेल निसटते आणि गाडी खाली येते. तिच्याखाली माणूस आहे की नाही याची ती चौकशी करीत नाही. म्हणून गाडी उचलल्याबरोबर चासीखाली दोन्ही बाजूंना भक्कम लोखंडी घोडे लावावयाचे, तेही सपाट सिमेंटवर. मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर नव्हे. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे तर मुळीच नकोत. ते एकदम फुटतात, आधी सूचना देत नाहीत. जी चाके जमिनीवर आहेत त्यांना पुढून-मागून लाकडी पाचरी हव्यात. मग गाडीला जोराने हलवून पाहावे. ती पडणारच असेल तर आपण खाली शिरण्यापूर्वी पडलेली बरी.

दुसरी अडचण गंजाची. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. त्या मिठाने चाळीस वर्षांत बोल्ट आणि बुशातली नळी एकजीव झालेली असते. आदल्या दोनतीन दिवसांपासून गंजलेल्या जागी पातळ तेल सोडत राहावे. तरीही काही बोल्ट कापूनच काढावे लागतात. त्यासाठी बदलीचे बोल्ट आधी आणून ठेवावेत. रविवारी संध्याकाळी अंगणात उघडी पडलेली गाडी आणि बंद झालेली दुकाने, हे दृश्य टाळण्याचा तेवढाच उपाय आहे.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच बाजू सोडावी. दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट एकदम सोडले तर आस आपल्या मनाने सरकू लागते. डावी बाजू बसवून, बोल्ट हातानेच लावून, मग उजवीकडे जावे. काढलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. त्यांचे आटे एकदा ताणले गेलेले असतात. हा यू-बोल्ट म्हणजे साधा चिमटा नव्हे. आस जागेवर राहते ती मधल्या लहान सेंटर बोल्टमुळे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो बोल्ट जागा दाखवण्यापुरता आहे. खरे धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. तो दाब ढिला पडला की सारा भार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि धावत्या गाडीची आस तिरकी होते. तसेच पाट्यांच्या टोकांचे रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवून, वजन पाट्यांवर घेऊन, मग आवळावेत. नाहीतर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते.

आणखी एक सक्त निषेध. ठोकळा घालण्याची युक्ती मागच्या आसेपुरती चालते, पुढच्या आसेला ती लावू नये. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे येतो व पुढची आस मुरडू पाहते. मध्ये ठोकळा असला म्हणजे त्या मुरडण्याला तरफ मिळते. पुढचा ठोकळा निसटला तर चाके वळवण्याचा ताबाच गेला. मागेसुद्धा एकावर एक असे दोन ठोकळे रचू नयेत.

इतके झाले म्हणजे गाडी उंच झालेली दिसते. शेजारी येऊन कौतुक करून जातो. खरे काम येथून सुरू होते. कारण चासी आणि आस यांच्यातले अंतर चार इंचांनी वाढले, आणि या दोहोंना जोडणारी प्रत्येक वस्तू आता आखूड पडली आहे किंवा तिरपी झाली आहे. त्यांची एकेक करून विचारपूस करावी लागते.

शॉक अब्सॉर्बर आखूड पडले. ते बदलले नाहीत तर खड्ड्यात चाक खाली जाताना तेच आसेला दोरीसारखे धरून ठेवतात व तुटतात. ब्रेकच्या तेलाची रबरी नळी चासीवरून आसेवर जाते, तीही ताणली गेली. ही गोष्ट सर्वांत घातक, कारण उभ्या गाडीत ती नळी ठीक दिसते. घोड्यांवर गाडी ठेवून, आस पूर्ण लोंबकळू देऊन, चाके दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहिल्याशिवाय तिचा ताण कळत नाही. लांब नळी घातली की ब्रेकमधली हवा काढून टाकणे ओघाने आलेच.

स्टिअरिंगचे पाहा. या शेव्हरोलेत स्टिअरिंगची पेटी डाव्या चासीवर आहे, आणि तेथून एक दांडा पुढच्या डाव्या चाकावरच्या हाताला जोडलेला आहे. मूळ रचनेत तो दांडा जवळजवळ आडवा. आस चार इंच खाली गेली म्हणजे तो उतरता होतो. आता खड्ड्यात चाक वर-खाली झाले की दांडा आपोआप ओढला-ढकलला जातो आणि चालकाने चक्र हलवले नसतानाही गाडी वळू पाहते. यासाठी चाकाकडील हात तितकाच उंच घ्यावा लागतो. चांगल्या संचात तो भाग दिलेला असतो, स्वस्त संचात नसतो. याच पेटीपाशी या गाड्यांच्या चासीला भेगा पडतात, ही त्यांची जुनी खोड आहे. मोठ्या टायरांनी तो ताण आणखी वाढतो. तेव्हा तेथला मळ खरवडून, उजेड पाडून पाहावे. भेग असेल तर प्रथम ती दुरुस्त करावी, उंचीचा विचार नंतर.

सायकल चालवताना हात सोडले तरी पुढचे चाक सरळ राहू पाहते. पुढच्या चिमट्याला मागे झुकाव दिलेला असतो, त्याचे हे फळ. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असा झुकाव असतो. पाटे बदलताना आस किंचित पुढे फिरली तर तो कमी होतो आणि गाडी हमरस्त्यावर भरकटू लागते. पाट्याखाली योग्य अंशाची पाचर घालून तो परत आणावा लागतो. मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचेही तसेच. त्याच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. तिरप्या जॉइंटमधून गती सारखी जात नाही, फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले म्हणजे एकाचा दोष दुसरा भरून काढतो. उंच केलेल्या गाडीत हे कोन वाढतात व विषम होतात, आणि गाडी विशिष्ट वेगाला थरथरू लागते. ती थरथर म्हणजे जॉइंट झिजत असल्याची सूचना होय.

मोठ्या टायरचा हिशेब वेगळाच. चाक दहा टक्के मोठे झाले, म्हणून वेगाचा काटा साठ दाखवील तेव्हा खरा वेग सहासष्ट असेल. डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.७३ असेल तर ते व्यवहारात ३.३९ होते, म्हणजे चढावर इंजिन दमते. आणि तोच ब्रेक त्याच जोराने दाबला तर रस्त्यावर मिळणारा अवरोध सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. वेग काट्यापेक्षा जास्त आणि ब्रेक पूर्वीपेक्षा कमी, ही जोडी काही शुभ नव्हे.

यानंतरचा प्रश्न तोलाचा. गाडीच्या दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की जो आकडा येतो, तो गाडी कलंडण्याविरुद्धचा तिचा मूळ बचाव. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने २००१ सालापासून गाड्यांना कलंडण्याबाबत जे दर्जे द्यायला सुरुवात केली, त्यांच्या मुळाशी हेच गुणोत्तर आहे. समजा, रुंदी ६६ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर. तेहतीस भागिले अठ्ठावीस म्हणजे १.१८. आता पाट्यांनी गुरुत्वमध्य तीन इंच आणि टायरांनी दीड इंच वर गेला असे धरा. तेहतीस भागिले साडेबत्तीस म्हणजे १.०२. गाडी उभी असताना जी पन्नास अंशांच्या उतारावर कलंडली असती, ती आता पंचेचाळीसवर कलंडेल. आणि हे कागदावर. रस्त्यावर पाटे दबतात, टायर मुरडतात, चालक घाबरून चक्र फिरवतो. तेथे ही मर्यादा पुष्कळ अलीकडे येते. पाच अंश थोडे वाटतात, पण अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकवताना माणसाजवळ तेवढेच असतात.

येथपर्यंतचा सगळा जमाखर्च मालकाचा स्वतःचा आहे. त्याची गाडी, त्याचे पैसे, त्याचा जीव. पुष्कळांची भूमिका येथेच थांबते. ‘माझ्या गाडीचे मी काय करीन ते करीन!’ परंतु चार इंचांचा हिशेब येथे संपत नाही.

गाडीबरोबर तिचे दिवेही चार-साडेपाच इंच वर गेले. ते पुन्हा खाली लावून घेतले नाहीत तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ते सरळ शिरतात. बंपर वर गेला. लहान मोटारीचा बंपर व त्यामागची मजबूत तुळई ज्या उंचीवर असते, त्याच्या वरून हा बंपर जातो, आणि धक्का तुळईऐवजी पातळ पत्र्याला व आतल्या माणसांना बसतो. अमेरिकेतील अनेक राज्यांनी बंपरच्या किंवा चासीच्या उंचीवर मर्यादा घातल्या आहेत त्या यासाठी. नियम राज्याराज्यांत निराळे आहेत, म्हणून संच मागवण्यापूर्वी आपल्या राज्याचा नियम वाचणे हे कामाचे पहिले कलम होय.

आणि पायी चालणारा? अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ साली पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच आहे, त्यांच्या धडकेत पादचारी मरण पावण्याचा संभव, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेने, सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळला. कारण समजण्यास कठीण नाही. ठेंगण्या गाडीचा मार पायांवर बसतो. उंच गाडीचा छातीवर, डोक्यावर. लहान मूल तर अशा बॉनेटच्या पुढे उभे असले तरी चालकाला दिसत नाही. त्या मुलाला आपल्या चार इंचांविषयी कोणी विचारलेले नसते.

आता थोडे आपल्या घराकडे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला, तेव्हापासून जीप हे आपल्या खेड्यापाड्यांचे वाहन झाले. पाट्यांवर चालणारी, अखंड आसेची जुनी जीप आजही सह्याद्रीच्या घाटांत दिसते, आणि ती उंच करून मोठे टायर घालण्याची हौस आपल्या तरुणांतही आहे. मी सांगितलेली यंत्रविद्या तिला जशीच्या तशी लागू पडते. कायदा मात्र निराळा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी-पुस्तकातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. अपवाद आहेत, पण ते परवानगीचे आहेत, हौसेचे नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. तेव्हा अमेरिकेतील मित्राचे पाहून येथे पाने हातात घेण्यापूर्वी हे कलम वाचावे.

मग मी हा उद्योग करूच नका असे सांगतो आहे काय? तसे नाही. जेथे कायदा अनुमती देतो, जेथे बर्फातून, चिखलातून, डोंगरातून रोजचे जाणे आहे, तेथे हे काम उपयोगाचे आहे. स्वतःच्या हाताने गाडी उघडणारा माणूस ती अधिक जाणून चालवतो, हेही मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, उंची सुटी विकत मिळत नाही. संचाच्या पेटीवर जी किंमत छापलेली असते ती पाट्यांची असते. शॉक, नळ्या, पाचरी, दिवे, काट्याची दुरुस्ती यांची किंमत मालकाने स्वतः शोधून काढावयाची असते. आणि समोरून येणाऱ्याची, पायी चालणाऱ्याची किंमत तर कोठेच छापलेली नसते. ती ओळखतो त्याला मी कारागीर म्हणेन.

शेवटी कामाची एक गोष्ट सांगून थांबतो. गाडी उतरवली, चाकांचे कोन तज्ज्ञाकडून मोजून घेतले, दिवे खाली केले, ब्रेक तपासले, म्हणजे काम झाले असे समजू नये. सावकाश शंभर मैल चालवावी आणि सगळे यू-बोल्ट पुन्हा मापाच्या पान्याने आवळावेत. नवे पाटे बसतात, दबतात, आणि घट्ट वाटलेला नट थोडा सैल झालेला सापडतो. पाचशे मैलांनी पुन्हा तेच करावे. या दुसऱ्या आवळणीचे कौतुक करायला शेजारी येत नाही. परंतु गाडी रस्त्यावर राहते ती तिच्यामुळे.